दशमीचं पाणी

माझं आयर्लंडचं विमान पहाटे साडेचारचं होतं आणि आम्ही मुंबईजवळच्या खाडीकाठच्या मुर्धा गावातलं घर संध्याकाळी सहाला सोडलं. विमानतळ ट्रॅफिक धरून दीड-दोन तासांवर. भाऊ गाडीची चावी बोटात फिरवत म्हणाला, "बाबा, ही एवढा वेळ तिकडे बसून काय करणार? अकराला निघू ना आरामात." बाबा ओटीवर उभे होते, हात मागे बांधून. म्हणाले, "अकराला पानी उतरत असंल. ओहोटीला घर सोडायचं न्हाय. ओढून नेतं ते मानसाला, परत आनत न्हाय."

भावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. बॅगा गाडीत गेल्या. आईने भाकरी आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा दिला. तो मी विमानतळावर उघडला तेव्हा शेजारचं कुटुंब उठून पलीकडच्या रांगेत जाऊन बसलं.

बाबा विमानतळावर आले नाहीत. ते खाडीच्या बांधावर गेले, पाणी पूर्ण भरेपर्यंत तिथेच उभे होते, असं आईने नंतर सांगितलं.

आमच्या घरात सगळं असंच. वरात निघायची ती चढत्या पाण्यात, म्हैस आणायची ती चढत्या पाण्यात. माझ्या दहावीचा पेपर अकराचा, आणि बाबांनी मला सातला घराबाहेर काढलं होतं, कारण आठनंतर पाणी उतरणार होतं. तीन तास मी शाळेच्या पायरीवर बसून इतिहास वाचला. मार्क चांगले पडले. श्रेय पाण्याला गेलं.

बाबांनी पन्नास वर्षं मीठ पिकवलं. खाडीचं पाणी आगरात, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, कधी घ्यायचं, बांधाची उघाडी म्हणजे झडप कधी पाडायची, सगळा धंदा भरतीच्या वेळेवर. घड्याळाची किंवा पुस्तकाची गरज त्यांना कधी लागली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, तिथी काढायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. मुर्ध्यातल्या होड्यावाल्यांच्या मोबाइलमध्ये आज भरतीचं ॲप आहे, तरी जाता जाता आमच्या ओटीपाशी थांबून विचारतातच, "दादा, आज कितीला?" बाबा सांगतात, आणि ते मोबाइल खिशात टाकून चालू पडतात.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. नर्सिंग. मी हे सांगते तेव्हा काही लोकांना तो गर्व वाटतो. वाटू दे, आहेच. लहानपणी एकदा मी हौसेने मिठाची पाटी डोक्यावर घेतली तर बाबांनी ती खाली उतरवली. म्हणाले, "इथं पाटी ठेवलीस तर पुस्तक कुठं ठेवशील?" मारलं नाही, ओरडलेही नाहीत. पण त्या दिवसानंतर आगराच्या बांधापुढे मला पाऊल टाकू दिलं नाही. खाडी मला ऐकून ठाऊक आहे, पायांनी नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आयर्लंडमध्ये पहिली दोन वर्षं मी शहरातल्या वृद्धाश्रमात काम केलं, समुद्रापासून लांब. मग पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावात जागा निघाली. तिथे निवृत्त माणसांसाठी एक केंद्र आहे. औषधं, बीपी, चहा, पत्ते, आणि दर गुरुवारी हार्बरवर हळूहळू चालणं. गट घेऊन जायचं काम नर्सचं, म्हणजे माझं. अंगात पिवळं जॅकेट, गळ्यात शिट्टी, पाठीवर प्रथमोपचाराची बॅग.

चालणं साधंच. धक्क्याच्या टोकापर्यंत जायचं, बाकावर बसायचं, खेकड्याच्या पिंजऱ्यांचे ढीग बघायचे, परत यायचं. मी हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला ते काही केल्या पटेना.

"दर्यावर जातात, ते कशाला?"

"चालायला."

"नुसतं चालायला? येताना काय आनतात?"

"काही नाही आणत गं."

"कालवं? खुबे?"

"काही नाही."

"मंग बिचाऱ्यांना घरात कोन बसू देत न्हाय का?"

हसले मी, पण तिचं चूक नव्हतं. आमच्याकडे खाडीवर माणूस कामाला जातो. हवा खायला गेला तर लोक विचारतात, घरात भांडण झालं का. गंमत म्हणजे त्या गावातले खरे मच्छीमारही असेच. माझ्या गटात एकही मच्छीमार नव्हता. सगळे शहरातून निवृत्त होऊन समुद्राजवळ राहायला आलेले. सात जण. त्यात टॉम, आयुष्यभर पत्रं वाटलेला पोस्टमन, आणि नोरा, एक्याऐंशी वर्षांची शाळामास्तरीण, खुब्याचा सांधा नवा बसवलेला, जीभ मूळचीच.

तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, दर वेळी तोच धक्का किती दिवस? गावासमोर एक छोटं बेट आहे, त्यावर पडकं चॅपल. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं. मी मॅनेजर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जा, पण फॉर्म भर. फॉर्मवर एक रकाना होता: ओहोटीची वेळ. आणि ऑफिसात खिळ्याला एक पातळ छापील पुस्तक टांगलेलं होतं, वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळांचं.

मी ते उघडलं नाही. आज लिहिताना हात जड होतो, पण लिहितेय. मिठागरवाल्याची पोर मी. मला पाण्याची वेळ पुस्तकातून बघायची? ज्यांना पाणी कळत नाही त्यांच्यासाठी ते पुस्तक. मी घरी फोन लावला.

"बाबा, गुरुवारी तिथी काय?"

बाबा एकदम खुलले. मी नर्सिंगमधलं त्यांना काय विचारणार होते? हे विचारलं. "दशमी हाय. दहाची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला भरलं, पावणेदोनला सुकलं. तू दहाला निघ. पानी तुझ्यापुढं पळत असंल."

"तिकडचं इथे चालेल ना?"

"चंद्र दुसरा हाय का तिकडं? दर्या एकच हाय, बाय."

मी रकान्यात लिहिलं, पावणेदोन. खाली सही केली.

गुरुवारी दहाला आम्ही वाळूवर उतरलो. ऊन होतं, वारा होता. पाणी दोन्ही बाजूंना लांब, मधे वाळूचा रुंद पट्टा. गावाच्या बाजूला एक सखल घळ होती, तिच्यात घोट्याएवढं पाणी. नोराने थांबून विचारलं, "नक्की ना गं?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं समुद्राचं मीठ काढलंय. आम्हाला पाणी शिकवावं लागत नाही."

सगळे कौतुकाने हसले. टॉम म्हणाला, "मग काळजी मिटली." हे त्याचं वाक्य अजून मला अधूनमधून झोपेतून उठवतं.

अर्ध्या वाटेवर खडकांचा एक घोळका आहे, एका बाजूला पाण्यात उतरलेला. नोराचा खुबा दुखायला लागला म्हणून तिथे टेकलो. थर्मास निघाले, बिस्किटं निघाली. पुढे बेट, मागे गाव, दोन्ही सारख्याच अंतरावर. मला वाटलं, हे घरी दाखवलंच पाहिजे. व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे तेव्हा पावणेतीन वाजत आले होते. आई आधी दिसली. "थंडी वाजत न्हाय का गो?" मी तिला नोरा दाखवली, टॉम दाखवला. टॉमने टोपी काढून नमस्कार केला. आई लाजली.

मग बाबांनी फोन घेतला. दोघं बांधावर होती, मागे खाडी दिसत होती. त्यांनी ना चॅपल बघितलं, ना माणसं.

"पानी दाखव."

मी फोन फिरवला.

"खडक दाखव. खाली, पान्याला लागतो तिथं. जवळ धर."

मी वाकले. खडकाला खालून वरपर्यंत शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटलेले. बाबांनी डोळे पडद्याजवळ आणले आणि तसेच राहिले. मला वाटलं नेट गेलं.

"बाय, खडकाला ओला पट्टा न्हाय."

"म्हणजे?"

"पानी उतरताना खडक ओला सोडून जातं. तुझा खडक पान्यापर्यंत सुका हाय." त्यांनी मान वळवून आपल्या खाडीकडे बघितलं, परत माझ्याकडे. "पानी चढतंय."

"बाबा, पावणेदोनला ओहोटी. तुम्हीच सांगितलंत."

"मी चुकलो."

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकले नव्हते. आईनेही नसतील. "मी चुकलो. शिपले चिकटलेत, म्हंजे हा खडक बुडतो. बोलत बसू नको. उठव त्यांना."

मी वळून बघितलं. समोर सगळं शांत होतं. पण मागे, गावाच्या बाजूला, ज्या घळीतून आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून आलो होतो, तिथे आता एक चकचकीत पट्टा होता आणि तो हलत होता. पाणी समोरून आलं नव्हतं. वळसा घालून पाठीमागून आलं होतं.

सात माणसं. सगळ्यात तरुण एकाहत्तरची.

मी शिट्टी वाजवली नाही. वृद्धाश्रमात एक शिकले होते: घाबरलेला आवाज म्हाताऱ्या माणसाच्या कानाआधी पायात जातो. मी म्हणाले, "पाणी वळलंय. माझी वेळ चुकली. आत्ता परत फिरायचं, चहा टाकून द्या." एका बाईने थर्मासचं झाकण लावायला घेतलं, आटे बसेनात, ती पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. तो थर्मास मी तिच्या हातातून घेऊन खडकावर ठेवला. टॉमने चालता चालता आणीबाणीचा नंबर लावला. बोट निघतेय, वीस मिनिटं लागतील, असं तिकडून सांगितलं. खडकापाशी वीस मिनिटं नव्हती.

फोन मी जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवला, कॉल चालूच. छातीवरून बाबांचा आवाज येत होता.

घळीपाशी पोचलो तेव्हा ती वीस-पंचवीस पावलं रुंद झाली होती.

"काठी टाक. कुठवर?"

मी नोराची काठी बुडवली. "गुडघ्याच्या खाली."

"मंग आता. थांबलीस तर न्हाय. बांबू हाय का?"

आपल्याकडे पूर्वी माणसं खाडी उतरून आगरात जायची तेव्हा सगळे मिळून एक लांब बांबू धरायचे. एकाचा पाय गेला तर बाकीचे उभे. बांबू नव्हता. पण चालायच्या काठ्या होत्या, प्रत्येकाकडे दोन. एकाने टोक धरायचं, पुढच्याने मूठ. साखळी झाली.

"हलकं मानूस मधी. तू त्याच्या वरच्या अंगाला, पानी येतं तिथं. पान्याकडं बघू देऊ नको कोनाला, गरगरतं. पलीकडचं एक काय तरी धर."

धक्क्यावर बर्फाच्या गोदामाचं दार होतं, निळं. मी ओरडले, "सगळ्यांनी निळं दार बघा. फक्त निळं दार." टॉम पुढे, काठीने तळ चाचपत. नोरा मधे, मी तिच्या डाव्या बाजूला. पाणी बर्फासारखं. नोरा दातावर दात दाबून म्हणत होती, "निळं दार, निळं दार, रंग किती भिकार, निळं दार." मागून कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने रांग पुढे सरकली.

मधोमध पाणी मांडीला लागलं. नोरा बुटकी, तिच्या कमरेला. आणि ती थांबली.

"पाय रुतला," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, वर्गात खडू संपला असं सांगावं तसं.

मी तिचा दंड धरून ओढला. ती कळवळली. नवा सांधा. मागची साखळी डुलायला लागली. मी सिस्टर, मला सांध्याचं सगळं शास्त्र ठाऊक, आणि पायाखालच्या वाळूचं काहीच नाही. मी खिशाकडे तोंड करून आगरी बोलीत ओरडले, शाळेत बाईंनी सोडवलेल्या, मुंबईच्या कॉलेजात मी लपवलेल्या बोलीत. "बाबा, पाय रुतलाय तिचा! निघत न्हाय!"

"ओढू नको! पाय सरळ वर ओढला का चिखल धरून ठेवतो. टाच. आधी टाच उचलायला सांग, मंग बोटं खाली करून काढ. हळू. बूट जाऊ दे."

मी नोराला तेच सांगितलं. टाच. फक्त टाच. तिने डोळे मिटले. मग काहीतरी सुटलं आणि ती पूर्ण भाराने माझ्या अंगावर आली. बूट तळाशीच राहिला.

पुढची दहा पावलं मला आठवत नाहीत. धक्क्याच्या उताराचा दगड पायाला लागला ते आठवतं. मी मोजलं. सात. पुन्हा मोजलं. मग खिशात तोंड घालून म्हणाले, "आलो."

तिकडून आईचा आवाज आला, "ते खाली बसलेत गो. बांधावर." बोट आली तेव्हा मी मागे वळून बघितलं. खडकांचा घोळका दिसत नव्हता. थर्मास तर नाहीच.

त्याच दुपारी मी मॅनेजर बाईंसमोर बसले. फॉर्म टेबलावर होता. त्यांनी विचारलं, ही वेळ कुठून आली? मला सांगता आलं असतं, तक्ता चुकीचा वाचला. मी नवीन होते, खपलं असतं. मी म्हणाले, "पुस्तक उघडलंच नाही. वडिलांना विचारून लिहिली. ते भारतात असतात." त्यांनी त्या रकान्यावर रेघ मारली. नोकरी राहिली, पण दोन महिने गट न्यायला मला बंदी झाली, अगदी धक्क्यावरसुद्धा. ते योग्यच होतं. नोरा तेवढे दोन महिने कोणाबरोबरच चालायला गेली नाही. म्हणाली, "माझा एक बूट तिच्या ताब्यात आहे, मी दुसरीकडे कशी जाणार?"

मला जास्त लागलं ते घरचं. बाबा फोनवर येईनात. आई सांगायची, जेवतात, झोपतात, पण कॅलेंडरकडे बघत नाहीत. होड्यावाले ओटीशी थांबून विचारतात तर म्हणतात, "मोबाइलमधी बघा." एकाने आत येऊन आईला विचारलं, दादांना बरं नाही का?

पन्नास वर्षांत न चुकलेला माणूस माझ्यामुळे चुकला होता. त्यांनी जे सांगितलं ते मुर्ध्याच्या खाडीसाठी खरं होतं. चंद्र एकच, पण पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळेने पोचतं, हे बी.एस्सी. झालेल्या मुलीला कळायला हवं होतं. त्यांनी डोक्यावरची पाटी उतरवली ती मी पुस्तक घ्यावं म्हणून. आणि मी पुस्तक खिळ्यालाच ठेवलं.

म्हणून मी त्या पुस्तकाच्या महिन्याभराच्या पानांचे फोटो काढले आणि भावाला पाठवले. खाली लिहिलं: बाबांना दे. म्हणावं, मला यातलं कळत नाहीये, समजावून सांगा.

तीन आठवडे काही नाही. मग एका रविवारी बाबांचा स्वतःहून फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, एकदम मुद्दा.

"तुझं घड्याळ साडेचार तास मागं हाय ना?"

"हो."

"मी ताडून बघितलं. रोज बांधावर जाऊन. तुझ्या पुस्तकातला आकडा धर, साडेचार मिळव, मंग आपल्या खाडीकडं बघ. तुझं पानी माझ्या दीड तास आधी भरतंय. रोज. येखाददिवशी थोडं मागं-पुढं, बाकी दीड तास." ते थांबले. "बाय, तुझं पानी नि माझं पानी जवळजवळ संगंच चढतंय गो. घड्याळंच येगळी हायत. त्या दिवशी पन चढत होतं, इकडं माझ्यासमोर. तिकडं बी."

मी म्हणाले, "म्हणजे दर्या एकच?"

"दर्या एकच. मानसानं आकडा लावताना आपन कुठं उभं हाय ते बघायचं." मग कडक आवाजात, "फॉर्म भरताना आधी पुस्तक. मंग मला विचार. दोन्ही जुळलं तर जा. न्हाय जुळलं तर घरात बस."

तेव्हापासून असंच चाललंय. मला गट परत मिळाला. बेटावर आम्ही गेलो, एकदा नाही, तीनदा. नोराने खास या कामासाठी लाल रंगाचे बूट घेतले आहेत, हरवले तर दिसावेत म्हणून.

तिकडे भाऊ आई-बाबांना इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेलाय. मुर्ध्याच्या घराच्या दोन्ही बाजूंना टॉवर उठलेत, दिवसभर धूळ, आईचा खोकला थांबत नाही. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते, खाडी नाही. मला भीती होती, बाबा तयार होणार नाहीत. त्यांनी भावाला एकच विचारलं, "भिंतीला खिळा हाय का?" त्याने कॅलेंडरचा फोटो मला पाठवला. प्रत्येक चौकोनात पेन्सिलने भरतीच्या दोन वेळा लिहिलेल्या. वर मुर्धा. खाली नुसतं 'बाय', म्हणजे मी.

तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, तुम्हाला कोणी विचारतं का, आता घर कुठलं? मला विचारतात, दोन्हीकडे. पूर्वी मी मुर्धा सांगायचे. आता मुर्ध्याचंच घर मुर्ध्यात राहत नाहीये. तेव्हा काय सांगू? त्या भिंतीवरच्या चौकोनातली खालची ओळ, एवढंच सांगता येतं.

गेल्या गुरुवारी निघण्याआधी पुस्तक बघितलं, फॉर्म भरला, फोन लावला. बाबा मुद्दाम रिक्षा करून मुर्ध्याच्या बांधावर गेले होते.

"इकडं उतरायला लागलंय," ते म्हणाले. "तुझं कवाच लागलं असंल."

"पुस्तकातही तेच आहे."

"मंग निघ."

"ओहोटीला निघू?" मी चिडवलं. "ओढून नेतं म्हणत होतात."

फोनमध्ये वारा घुमला. त्यांचा की माझा, कळलं नाही.

"नेऊ दे," बाबा म्हणाले. "मी हाय हितं उभा, चढेपर्यंत."